ऊन, आई आणि स्वमग्नता

सोमालियाची राजधानी मोगादिशू विषुववृत्तापासून जेमतेम दोन अंश उत्तरेला आहे. ऊन तिथे बारा महिने डोक्यावर असतं. १९९१ मध्ये तिथलं सरकार कोसळलं, यादवी पेटली आणि लाखो माणसं घरदार सोडून निघाली. त्यांतली काही कुटुंबं स्वीडनच्या स्टॉकहोममध्ये स्थिरावली, काही अमेरिकेतल्या मिनीआपोलिसमध्ये. पहिलं शहर ५९ अंश उत्तरेला, दुसरं ४५ अंशांवर. स्टॉकहोममध्ये डिसेंबरात दुपारचे तीन वाजायच्या आत सूर्य मावळतो.

काही वर्षांनी या कुटुंबांतल्या आयांना एक गोष्ट खुपू लागली. इथे जन्मलेली आपली काही मुलं बोलत नाहीत, हाक मारली तर वळून पाहत नाहीत, आपल्याच नादात तासन्‌तास राहतात. मायदेशी असं मूल पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांच्या भाषेत या अवस्थेला शब्दही नव्हता. स्टॉकहोममधल्या सोमाली आया तिला ‘स्वीडिश आजार’ म्हणू लागल्या.

२००८ मध्ये मार्टिना बार्नेविक-ओल्सन, क्रिस्टोफर गिलबर्ग आणि एलिझाबेथ फर्नेल या स्वीडिश संशोधकांनी स्टॉकहोममधली मोजदाद प्रसिद्ध केली. बौद्धिक अक्षमतेसह स्वमग्नता असलेली मुलं सोमाली कुटुंबांत हजारी ७ होती, तर इतर कुटुंबांत हजारी २ च्याही आत. आयांची शंका आकड्यांत उतरली होती. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातले मनोविकारतज्ज्ञ जॉन कॅनेल यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात एक तर्क मांडला. त्वचेच्या कर्करोगाच्या भीतीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टर लोकांना उन्हापासून दूर राहायला सांगू लागले, आणि स्वमग्नतेचे आकडेही तेव्हापासूनच चढत गेले. मग गरोदर बायकांना आणि तान्ह्या बाळांना पुरेसं ‘ड’ जीवनसत्त्व न मिळणं हे यामागचं एक कारण असेल का?

तर्क सोपा होता, मनाला पटण्याजोगा होता. ज्या घरात स्वमग्न मूल आहे त्या घरासाठी तर तो आशेचा होता, कारण गोळी स्वस्त आणि ऊन फुकट. पुढच्या सुमारे सतरा वर्षांत या तर्काची कसून तपासणी झाली. तिची हकीकत पालकांपर्यंत नीट पोचायला हवी.

नावाने जीवनसत्त्व, कामाने संप्रेरक

‘ड’ जीवनसत्त्वाला हे नाव १९२२ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ एल्मर मॅकॉलम यांनी दिलं. अ, ब, क ही अक्षरं आधीच वापरून झाली होती. मुडदूस बरा करणारा कॉडलिव्हर ऑइलमधला हा घटक अन्नातून मिळत होता, म्हणून त्याची गणना जीवनसत्त्वांत झाली. पण शरीर ज्याची गरज स्वतः भागवू शकतं, असं हे बहुधा एकमेव जीवनसत्त्व. उन्हातले अतिनील-बी किरण त्वचेवर पडले की तिथल्या कोलेस्टेरॉलच्या एका भावंड-रेणूचं रूपांतर ‘ड’ जीवनसत्त्वात होतं. पुढे यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्यावर एकेक संस्कार होतो आणि त्याचं कामाला लागणारं रूप तयार होतं. ते रक्तातून शरीरभर फिरतं, पेशींच्या केंद्रकात शिरतं आणि शेकडो जनुकांचं काम कमी-जास्त करतं. हे वागणं संप्रेरकाचं आहे.

ज्या पेशींत त्याला बसायला जागा असते, म्हणजेच त्याचे ग्राही असतात, त्यांत मेंदूच्या पेशीही आहेत. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये जॉन मॅकग्रा आणि डॅरिल आइल्स यांच्या गटाने गाभण उंदीरमाद्यांना या जीवनसत्त्वाविना ठेवलं. २००३ मध्ये त्यांनी दाखवलं की त्यांच्या पिल्लांच्या मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या आणि मेंदूची साल पातळ होती. २०१४ मध्ये ऱ्होंडा पॅट्रिक आणि ब्रूस एम्स यांनी आणखी एक धागा सुचवला. मेंदूत सेरोटोनिन बनवणारं एक विकर ज्या जनुकावर अवलंबून असतं, त्या जनुकाला ‘ड’ जीवनसत्त्वाचं संप्रेरक चालना देतं, असं त्यांचं म्हणणं होतं. सेरोटोनिनचा संबंध इतरांशी जुळवून घेण्याच्या वागण्याशी आहे.

उंदराच्या पिल्लाला स्वमग्नता होत नाही. या प्रयोगांनी एवढंच सांगितलं, की वाढत्या मेंदूला या जीवनसत्त्वाचं काम पडतं. असा दुवा अशक्य कोटीतला नाही. पण शक्य आहे आणि आहे, यांत मोठं अंतर असतं. ते कापायला माणसांचे पुरावे लागतात.

आधी काय आणि मागाहून काय

पहिले पुरावे सहज हाती आले. देशोदेशीच्या डॉक्टरांनी स्वमग्न मुलांचं रक्त तपासलं, आणि त्यांच्यात ‘ड’ जीवनसत्त्व इतर मुलांपेक्षा कमी निघालं. बातम्या झाल्या. पण या पुराव्यात एक मोठी फट होती. स्वमग्न मुलांच्या घरी ती कुणालाही दिसली असती. अशी कित्येक मुलं चार-पाच पदार्थांपलीकडे काही खात नाहीत. मैदानावरचा गोंगाट त्यांना सोसवत नाही, अंगाला लागणारं ऊन-वारं नकोसं होतं, म्हणून ती घरातच राहतात. मग त्यांच्या रक्तात ‘ड’ कमी असणारच. इथे स्वमग्नता आधीची आणि कमतरता मागाहूनची असू शकते.

हा गुंता सोडवायचा तर मुलाच्या जन्मावेळचं रक्त तपासायला हवं. पण निदान होतं तिसऱ्या-चौथ्या वर्षी किंवा त्याहूनही उशिरा. इतक्या जुन्या दिवसाचं रक्त आणायचं कुठून?

ते स्वीडनमध्ये मिळालं. तिथे जन्मलेल्या प्रत्येक बाळाचं थेंबभर रक्त काढून जाड कागदावर वाळवतात आणि जन्मजात आजारांसाठी तपासतात. १९७५ पासूनचे हे कागद तिथे जपून ठेवले आहेत. फर्नेल यांच्या गटाने भावंडांच्या अशा ५८ जोड्या निवडल्या, ज्यांत एक मूल स्वमग्न आणि दुसरं नाही. आईबाप तेच, घर तेच, खाणंपिणंही बरंचसं तेच. २०१५ मध्ये निकाल आला. स्वमग्न मुलांच्या जन्मावेळच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व लिटरला सरासरी २४ नॅनोमोल होतं आणि त्यांच्या भावंडांच्या रक्तात सुमारे ३२. आपल्याकडच्या रिपोर्टच्या भाषेत मिलिलिटरला साडेनऊ आणि पावणेतेरा नॅनोग्रॅमच्या आसपास. दोन्ही आकडे कमीच, पण स्वमग्न मुलांचे आणखी कमी.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात चार हजारांहून अधिक माता-बालकांचा अभ्यास झाला. गरोदरपणात ज्या आयांच्या रक्तात ‘ड’ फारच कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी स्वमग्नतेशी मिळतीजुळती लक्षणं थोडी जास्त आढळली. २०२५ मध्ये डेन्मार्कमधून सगळ्यांत मोठा अभ्यास आला. त्यात ७१,७९३ जणांच्या जन्मवेळच्या रक्ताचे ठिपके तपासले होते. जन्मतः ‘ड’ कमी असणाऱ्यांत स्वमग्नता, अतिचंचलता आणि स्किझोफ्रेनिया या तिन्हींचं प्रमाण काहीसं वाढलेलं दिसलं. स्वमग्नतेच्या बाबतीत ही वाढ लहान होती, तरी होती.

दुसऱ्या बाजूलाही वजन आहे. कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये नवजात बाळांच्या रक्ताच्या अशाच ठिपक्यांवरून अभ्यास झाला, आणि एकंदरीत पाहता स्वमग्न व इतर मुलांत फरक दिसला नाही. तिथे ऊन भरपूर आणि दुधातही ‘ड’ मिसळलेलं असतं. कदाचित फार खोल कमतरता असेल तिथेच परिणाम दिसत असावा. तसं असेल, तर स्वीडन-डेन्मार्कचा निष्कर्ष सगळ्या जगाला लावता येणार नाही.

सोमाली मुलांचं पुढे काय झालं

ज्या कोड्यातून सगळं सुरू झालं, तेही वाटलं होतं तितकं सरळ निघालं नाही. स्टॉकहोममध्ये सोमाली आयांच्या रक्तात ‘ड’ खूपच कमी आढळलं. त्यांच्यातही स्वमग्न मुलं असलेल्या आयांचे आकडे इतर सोमाली आयांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी खाली होते. पण तपासलेल्या आया इतक्या थोड्या होत्या, की हा फरक योगायोगाचाही असू शकत होता.

मिनीआपोलिसमध्ये मिनेसोटा विद्यापीठाने सात ते नऊ वर्षांच्या मुलांची नीट गणती केली. २०१३ मध्ये आकडे आले. सोमाली मुलांत दर ३२ मागे एक स्वमग्न आणि गोऱ्या मुलांत दर ३६ मागे एक, म्हणजे जवळजवळ सारखेच. इतर कृष्णवर्णीय मुलांत मात्र हे प्रमाण दर ६२ मागे एक होतं. काळी त्वचा आणि उत्तरेकडचं मंद ऊन एवढंच कारण असतं, तर गोरी मुलं सोमाली मुलांच्या इतकी जवळ आली नसती आणि इतर काळी मुलं एवढी मागे राहिली नसती. सोमाली मुलांत एक फरक मात्र दिसला. त्यांतल्या स्वमग्न मुलांना बौद्धिक अक्षमता जोडीला असण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. ते का, हा प्रश्न उभाच आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. बाल्टिमोरमधले डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन केलं, तेव्हा ही अवस्था विरळा समजली गेली. पुढे व्याख्या रुंदावत गेली, शिक्षक आणि डॉक्टर सावध झाले, आणि पूर्वी ‘मंद’ किंवा ‘विक्षिप्त’ म्हणून बाजूला सारली जाणारी मुलं ओळखू येऊ लागली. अमेरिकेत २००० मध्ये दर १५० मुलांमागे एक असलेला आकडा २०२२ च्या गणतीत दर ३१ मागे एक झाला. या वाढीचा मोठा वाटा नजर सुधारल्याचा आहे. आकडे चढले त्याच काळात लोक उन्हाला घाबरू लागले, एवढ्यावरून एकाला दुसऱ्याचं कारण ठरवता येत नाही.

स्वमग्नतेचा पाया मुख्यतः आनुवंशिक आहे. डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वीस लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलामुलांतल्या फरकाचा सुमारे ८० टक्के भाग त्यात आनुवंशिकतेने समजावता आला. उरलेल्या भागात ‘ड’ जीवनसत्त्वाला जागा असली, तरी ती अनेकांतल्या एकाची आहे.

गोळीची परीक्षा

कारण आणि सोबत यांतला फरक ओळखायची सगळ्यांत चांगली रीत म्हणजे देऊन पाहणं. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला औषध द्यायचं, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, आणि कुणाला काय मिळालं हे निकालापर्यंत कुणालाच सांगायचं नाही.

इजिप्तमधल्या अशाच एका चाचणीने २०१६ मध्ये खळबळ उडवली. १०९ स्वमग्न मुलांपैकी ज्यांना चार महिने ‘ड’ दिलं, त्यांच्यात ठळक सुधारणा झाल्याचा दावा होता. जगभरच्या पालकांनी तो लेख एकमेकांना पाठवला. पण पुढे त्यातल्या आकडेवारीबद्दल प्रश्न उपस्थित झाले आणि २०१९ मध्ये नियतकालिकाने तो लेख मागे घेतला. ही दुसरी बातमी पहिलीइतकी फिरली नाही. आजही त्या मागे घेतलेल्या लेखाच्या आधारे सल्ले दिले जातात, हे क्लेशदायक आहे. आयर्लंडमध्ये ३८ मुलांना वीस आठवडे रोज २,००० युनिट ‘ड’ किंवा नुसती गोळी देऊन चाचणी झाली. २०१७ च्या त्या निकालात रक्तातलं ‘ड’ वाढलं, पण स्वमग्नतेच्या मुख्य लक्षणांत फरक पडला नाही.

मग गरोदर आईला दिलं तर? याचं सर्वांत बोलकं उत्तर कोपनहेगनने दिलं. तिथे सहाशेच्या आसपास स्त्रियांना गरोदरपणाच्या चोविसाव्या आठवड्यापासून ‘ड’ जीवनसत्त्व सुरू केलं होतं. काहींना रोज ४०० युनिट मिळाली, काहींना २,८००. मुलं दहा वर्षांची झाल्यावर मनोविकारतज्ज्ञांनी त्यांना तपासलं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन गोष्टी शेजारीशेजारी आहेत. ज्या आयांच्या रक्तात गोळ्या सुरू होण्याआधीच ‘ड’ चांगलं होतं, त्यांच्या मुलांत स्वमग्नता कमी आढळली. पण मोठा डोस घेतलेल्या आणि लहान डोस घेतलेल्या आयांच्या मुलांत काही फरक निघाला नाही.

या दोन निष्कर्षांचा मेळ दोन तऱ्हांनी लागतो. एक, गोळी उशिरा सुरू झाली. मेंदूची कित्येक महत्त्वाची कामं चोविसाव्या आठवड्याच्या आत उरकलेली असतात, आणि इथे दोन्ही गटांना थोडं तरी ‘ड’ मिळतच होतं. दोन, ‘ड’ जीवनसत्त्व ही निव्वळ खूण असेल. जी बाई मोकळ्या हवेत चालते-फिरते, नीट खाते, जिची प्रकृती उत्तम आणि वजन आटोक्यात आहे, तिच्या रक्तात ‘ड’ चांगलंच असतं. अशा वेळी मुलाला लाभ तिच्या एकंदर आरोग्याचा झाला असेल आणि श्रेय एका जीवनसत्त्वाच्या नावावर लागलं असेल.

आजवरच्या पुराव्यांवरून निवाडा असा देता येतो. जन्मावेळी ‘ड’ जीवनसत्त्व खूप कमी असणं आणि पुढे स्वमग्नता दिसणं यांत लहानसा दुवा आहे. ते कारण आहे, हे सिद्ध झालेलं नाही. आणि स्वमग्नता दिसू लागल्यावर ‘ड’ देऊन ती जाते, याला आधार नाही.

आपल्या अंगणातलं ऊन

महाराष्ट्रात उन्हाचा तुटवडा नाही, तरी ‘ड’ जीवनसत्त्वाचा आहे. २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या देशव्यापी सर्वंकष पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या १४ टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या २४ टक्के मुलामुलींत त्याची कमतरता निघाली. दिल्लीत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोरी गेट या प्रदूषित भागातल्या बाळांच्या रक्तात मिलिलिटरला सरासरी १२ नॅनोग्रॅम ‘ड’ होतं, तर तेव्हाच्या मोकळ्या गुडगावात २७. धुराच्या पडद्याने किरण अडवले होते. उंच इमारतींच्या फटीतल्या चाळी, दिवसभर बंद खोलीतलं काम, अंगभर कपडे आणि सावळी त्वचा यांचाही हातभार असतो. आपल्या त्वचेतलं रंगद्रव्य आपलं रक्षण करतं, पण तेवढंच ‘ड’ तयार व्हायला वेळ जास्त लागतो. म्हणूनच लंडन, टोरांटो किंवा स्टॉकहोमला राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तिथल्या डॉक्टरांचा हिवाळ्यातल्या गोळीचा सल्ला मनावर घ्यावा.

आपल्या घरोघरी बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात घेऊन बसण्याची रीत आहे. तिच्यात माया आहे, ऊब आहे, पण ‘ड’ जीवनसत्त्व फार थोडं आहे. सकाळचा सूर्य तिरपा असतो. त्याच्या किरणांना हवेचा लांब थर ओलांडावा लागतो आणि अतिनील-बी किरण वाटेतच गाळले जातात. साधी खूण अशी, की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच त्वचेत हे जीवनसत्त्व नीट तयार होतं. ती वेळ साधारण सकाळी दहा-अकरा ते दुपारी तीनची. मोठ्यांनी त्या वेळेत हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बाहेर असावं. तान्ह्या बाळाला मात्र नागपूर-चंद्रपूरच्या वैशाखात भर दुपारी उन्हात धरायचं नाही. त्याच्यासाठी थेंब आहेत. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट द्यायला सांगते, कारण आईच्या दुधात ‘ड’ फारसं उतरत नाही.

गरोदरपणातली कमतरता भरून काढायलाच हवी. आईच्या हाडांसाठी आणि बाळाला मुडदूस होऊ नये म्हणून हे गरजेचं आहे. त्यासाठी स्वमग्नतेचं भय घालायची गरज नाही.

आणि जास्त दिलं की जास्त फायदा, हा समज घातक आहे. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्यातून एकदा घ्यायचं असताना रोज दिल्यामुळे मुलं रुग्णालयात पोचल्याच्या नोंदी आपल्याच देशातल्या आहेत. रक्तात कॅल्शियम चढतं, मूल ओकू लागतं, बद्धकोष्ठ होतो, तहान आणि लघवी वाढते, मूत्रपिंडाला इजा होते. बोलू न शकणाऱ्या मुलाला पोट दुखतंय हे सांगताही येत नाही. म्हणून कुणी ‘ऑटिझम बरा करणारा डोस’ म्हणून काही देऊ केलं, तर ते घेऊ नये.

दोष कुणाचा?

स्वमग्नतेच्या इतिहासात आईवर बोट रोखण्याची वाईट परंपरा आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत आईची माया थिजलेली असते म्हणून मूल असं होतं, असं मोठमोठे तज्ज्ञ सांगत. ब्रुनो बेटेलहाइम यांचं १९६७ चं पुस्तक याच विचाराचं. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड हे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील. त्यांनी १९६४ मध्येच पुराव्यांनिशी हे म्हणणं खोडलं होतं, तरी ते मरायला फार वर्षं लागली. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांनी १२ मुलांवरून गोवराच्या लसीकडे संशय वळवला. तो लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला, पण ‘मी लस का दिली’ म्हणून रडणाऱ्या आया तोवर जगभर झाल्या होत्या. आपल्याकडे ग्रहण पाळलं नाही, गरोदरपणी नोकरी केली, मुलाच्या हाती मोबाइल दिला, असं काही ना काही आईच्याच पदरात टाकलं जातं. या यादीत ‘उन्हात बसली नाही’ याची भर पडता कामा नये. तसा दोष द्यायला विज्ञानाने कोणताही आधार दिलेला नाही.

जीवनसत्त्वाच्या शोधात वाया जाणारा वेळ हाच खरा तोटा. ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ असं म्हणत घरं वर्षं घालवतात. वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, दीड वर्षाचं होऊनही बोटाने काही दाखवत नसेल, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल किंवा येत असलेलं बोलणं विसरत असेल, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जिल्हा रुग्णालयांत अशा मुलांची तपासणी आणि उपचार यांसाठी केंद्रं उभारली आहेत, तिथेही जाता येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र, शाळेतला प्रवेश आणि सवलती हा मुलाचा हक्क आहे. भाषेचे, खेळातून शिकवण्याचे आणि रोजची कामं शिकवण्याचे उपचार जितके लवकर सुरू होतील, तितकं मुलाचं आयुष्य सोपं होतं.

‘ड’ जीवनसत्त्व कमी असेल तर डॉक्टरांना विचारून जरूर द्या, हाडं बळकट होतील. पण मुलाला उन्हात घेऊन जाल तेव्हा त्याचा हात धरून चाला, त्याला जे आवडतं ते त्याच्याबरोबर पाहा, आणि ते बोलत नसलं तरी त्याच्याशी बोलत राहा.